शांततेचे पारितोषिक आणि अपुरे वाक्य



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना संस्थेच्या कार्यवाहांनी मला विषयाचे बंधन घातले नव्हते. मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा हैदराबादेतील मराठी ग्रंथालयांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. मी विषय कळविला तो नोबेल शांतता पारितोषिकाचा, आणि तोही ते ज्यांना कधीच मिळाले नाही त्या गांधीजींचा. राजकारण हा माझा प्रांत नव्हे. शांतता पारितोषिकासाठी नावे सुचविण्याचा अधिकार इतिहास, समाजशास्त्रे, कायदा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना आहे. भाषेच्या प्राध्यापकाला नाही. तेव्हा पुरस्कार कोणाला द्यावा हे सांगण्याची पात्रता माझ्याकडे अधिकृतपणेच नाही. पण या प्रकरणाच्या मुळाशी एका वाक्याचे वाचन आहे, आणि वाक्य कसे वाचावे हे शिकविण्यात माझा सगळा जन्म गेला. तेवढ्या आधारावर मी आज बोलणार आहे.

निमित्त ताजे आहे. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना शांततेचे नोबेल मिळावे की नाही, यावर जगभर कडाक्याचे वाद झाले. मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्ष आपण थांबविला असा त्यांचा दावा होता. जूनमध्ये पाकिस्तान सरकारने त्यांच्या नावाची शिफारस जाहीर केली. तिसऱ्या कोणाची मध्यस्थी झाली हेच भारताने नाकारले. ऑक्टोबरात पारितोषिक व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना गेले आणि वाद दुसऱ्या वाटेने पुढे चालू राहिला. मला त्या वादात एक गोष्ट जाणवली. बोलणाऱ्याचा पक्ष कळला की त्याचे मत आधीच सांगता येत होते. कोणते युद्ध खरोखर थांबले आणि कोणते नाही, याची चौकशी फार थोड्यांनी केली. पुढाऱ्याची शंभर वाक्ये समोर असतात. अनुयायी त्यांतले एक उचलतो, विरोधक दुसरे उचलतो, आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना कोणी वाली राहत नाही.

हे काही आजचे नव्हे. गांधीजींच्या बाबतीत ओस्लोत हेच घडले, फक्त बंद दाराआड. नोबेल समितीची कागदपत्रे पन्नास वर्षे गुप्त ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे १९४७ साली समितीत काय झाले ते उजेडात यायला विसावे शतक संपत आले. समितीच्या अध्यक्षांची रोजनिशी उपलब्ध झाली, सल्लागारांचे अहवाल अभ्यासकांना वाचायला मिळाले, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितली जाणारी सोपी कथा, म्हणजे इंग्रजांनी दबाव आणला आणि नॉर्वेने मान तुकवली ही कथा, कागदपत्रांनी काही उचलून धरली नाही. खरी हकीकत अधिक अवघड आहे.

आधी समितीविषयी. आल्फ्रेड नोबेलने २७ नोव्हेंबर १८९५ रोजी मृत्युपत्रावर सही केली. राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढविणे, खड्या फौजा कमी करणे किंवा नाहीशा करणे, शांतता परिषदा भरविणे, या कामांसाठी हे पारितोषिक आहे. निवड करायची ती नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या पाच जणांनी. हे पाच जण संसदेतील पक्षबलानुसार निवडले जातात. म्हणजे पक्ष या वास्तूच्या पायातच आहे. नाझी तुरुंगात असलेल्या कार्ल फोन ओसिएत्स्की यांना १९३५ चे पारितोषिक १९३६ मध्ये दिले गेले तेव्हा जर्मनी खवळला, आणि पुढे सत्तेवरील मंत्र्यांना समितीत बसता येऊ नये असा नियम झाला. पण पक्षाची माणसे पक्षाची माणसेच राहिली.

गांधीजींचे नाव प्रथम १९३७ साली गेले. सुचविणारे उले कोलब्योर्नसेन हे नॉर्वेच्या मजूर पक्षाचे संसद सदस्य. शिफारशीचे समर्थन त्यांनी स्वतः लिहिले नव्हते. ते लिहिले होते ‘भारताचे मित्र’ या चळवळीच्या नॉर्वेतील शाखेच्या स्त्रियांनी. समितीचे सल्लागार प्राध्यापक याकोब वोर्म-म्युलर यांनी अहवाल दिला. त्यात गांधीजींच्या उदात्त, तपस्वी वृत्तीची स्तुती आहे. भारतीय जनतेचे त्यांच्यावरील प्रेम सार्थ आहे अशी कबुली आहे. मग सूर पालटतो. या माणसाच्या धोरणांत एकाएकी तीव्र वळणे येतात, त्याचे अनुयायीही त्यांचा समाधानकारक उलगडा करू शकत नाहीत. तो स्वातंत्र्यसैनिक आहे आणि हुकूमशहाही, आदर्शवादी आहे आणि राष्ट्रवादीही. कधी ख्रिस्त वाटतो, तर कधी अचानक चारचौघांसारखा राजकारणी. चौरीचौऱ्याचा दाखला तिथे आहेच. आणि आणखी एक आक्षेप आहे: दक्षिण आफ्रिकेतला लढा केवळ भारतीयांसाठी होता, ज्यांची स्थिती याहून वाईट होती त्या काळ्या लोकांसाठी नव्हता.

या शेवटच्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे नाही, आणि गांधीभक्तीच्या भरात आपण ते देऊही नये. पुढे आफ्रिकेतल्या लोकांनीच हा प्रश्न विचारला आहे आणि तो विचारण्याचा हक्क त्यांचा आहे. परंतु ‘तीव्र वळणे’ हा आरोप मला वाचनाचा दोष वाटतो. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे पेटविले, पोलीस मारले गेले, आणि काही दिवसांतच गांधीजींनी ऐन भरातली असहकाराची चळवळ थांबविली. स्वपक्षीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. हिंसा झाली म्हणून चळवळ मागे घेणारा पुढारी आपल्या इतिहासात दुसरा दाखविणे कठीण आहे. अहवालकारांनी ठाण्याची आग पाहिली आणि तिच्यापुढचे पाऊल केवळ ‘वळण’ म्हणून नोंदविले. ज्या समितीने १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांना, रशिया-जपान तह घडवून आणला म्हणून, पारितोषिक दिले होते, क्यूबाच्या लढाईत स्वतःची घोडदळाची तुकडी घेऊन लढल्याचा ज्यांना उघड अभिमान होता त्यांना, त्या समितीच्या सल्लागाराला गांधीजींमधला ‘राजकारणी’ मात्र खुपला. १९३७ चे पारितोषिक इंग्लंडच्या लॉर्ड सेसिल यांना मिळाले.

१९३८ आणि १९३९ मध्येही कोलब्योर्नसेन यांनी नाव पाठविले. ते अंतिम यादीत पोचले नाही. जाता जाता १९३९ ची एक गंमत सांगतो. त्या वर्षी एरिक ब्रांट या स्वीडिश संसद सदस्याने चक्क हिटलरचे नाव सुचविले. नेव्हिल चेंबरलेन यांच्या नावाच्या शिफारशीला टोला म्हणून त्याने उपरोधाने ते पत्र लिहिले होते. उपरोध फारसा कोणाला कळला नाही, गदारोळ झाला आणि बिचाऱ्याला काही दिवसांत पत्र मागे घ्यावे लागले. वर्गात मी उपरोध शिकवीत असे तेव्हा हे उदाहरण मला ठाऊक नव्हते, नाहीतर अनेक तास वाचले असते.

१९३८ हे साल मात्र हैदराबादकरांना इतक्या लवकर ओलांडून जाता येत नाही. तेव्हाच्या निजामी राज्यात एक प्रकारची शांतता होतीच. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकमाने सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. म्हणून हैदराबाद संस्थानच्या राजकीय परिषदा काकीनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशा संस्थानाबाहेरच्या गावी भरल्या. स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर जन्माला येण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. आणि डिसेंबरात, दोनच महिन्यांनी, गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. कारण असे की आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह त्याच वेळी चालू होते, आणि जबाबदार राज्यपद्धतीचा लढा धर्माच्या भांडणात विरघळून जाईल अशी त्यांना धास्ती होती. स्टेट काँग्रेसच्या अनेक कार्यकर्त्यांना हा निर्णय मनापासून पटला नव्हता. १९४० मध्ये गांधीजींच्याच संमतीने स्वामीजींनी वैयक्तिक सत्याग्रह केला, तेव्हा ती खंत थोडी निवळली.

म्हणजे वोर्म-म्युलर यांनी वर्षभरापूर्वी ज्याला ‘तीव्र वळण’ म्हटले होते, तसेच एक वळण आपल्या गावाने प्रत्यक्ष अनुभवले. ते बरोबर होते की चूक, यावर हैदराबादच्या मराठी घरांत पुढे दोन पिढ्या वाद झाले. मी स्वतः ते थांबणे योग्य मानतो. पण तुरुंगातल्या माणसाला ते कसे वाटले असेल हेही मला कळते. याच १९३८ मध्ये हिंदू महासभेच्या सत्याग्रहात पुण्याहून आलेल्या तुकडीचा पुढारी नथुराम गोडसे होता, आणि त्यासाठी तो निजामाच्या तुरुंगात राहिला, हेही इथे नोंदविले पाहिजे. एकाच शहरात, एकाच राजवटीविरुद्ध सत्याग्रह करणारी दोन माणसे. एक गांधीजींचे ऐकून थांबलेल्या संघटनेचा नेता, दुसरा थांबण्याला भ्याडपणा समजणारा.

आता १९४७. या वर्षी प्रथमच भारतातून नावे गेली, नॉर्वेच्या परराष्ट्र खात्यामार्फत, तारेने. तारा पाठविणारे तिघे होते: संयुक्त प्रांताचे पंतप्रधान गोविंद वल्लभ पंत, मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर आणि केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत. तिघांपैकी दोघे मराठी. खेरांचा जन्म रत्नागिरीचा, व्यवसाय सॉलिसिटरचा. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. पुढे ते स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. गांधीजींविषयी मराठी समाजाच्या मनात काय काय आहे याची चर्चा आपण फार करतो, आणि ती करताना एकाच मराठी माणसाचे नाव पुन्हा पुन्हा घेतो. ओस्लोला तार करणारी ही दोन नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी आढळली नाहीत.

अर्थात ही शिफारस पक्षीयच होती. तिघेही काँग्रेसचे, तिघेही सत्तेवर. तारेच्या भाषेत समर्थन ते किती करणार! दोन-चार विशेषणे, दोन-चार पदव्या. समितीला खरा आधार होता तो दुसरे सल्लागार, इतिहासकार येन्स आरुप सेइप, यांच्या अहवालाचा. सेइप यांनी १९३७ नंतरची दहा वर्षे तपासली. फाळणीच्या या प्रचंड शस्त्रक्रियेत याहून मोठा रक्तपात झाला नाही, त्याचे बरेचसे श्रेय गांधीजींची शिकवण, त्यांचे अनुयायी आणि त्यांची प्रत्यक्ष उपस्थिती यांना द्यावे लागेल, हे लंडनच्या टाइम्सचे मत त्यांनी नोंदविले. नोआखालीची पदयात्रा झाली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याचे उपोषण झाले होते, चार दिवसांत शहर शांत झाले होते. अंतिम यादीत सहा नावे होती आणि गांधीजींचे त्यांत होते. पाच सदस्यांपैकी इंगेब्रेत्सेन आणि ओफ्तेदाल हे दोघे त्यांच्या बाजूने बोलले. एक सनातनी पक्षाकडे झुकलेला, दुसरा उदारमतवादी. दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती.

आणि मग ते वाक्य आले.

२६ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी हिंदुस्थानीत बोलले. रॉयटरने त्याचे इंग्रजी करून तार पाठविली आणि दुसऱ्या दिवशी ती टाइम्समध्ये ‘पाकिस्तानशी युद्धाविषयी मिस्टर गांधी’ अशा आशयाच्या मथळ्याखाली छापून आली. तारेतला मजकूर थोडक्यात असा: मी युद्धाचा नेहमीच विरोधक आहे, पण पाकिस्तानकडून न्याय मिळविण्याचा दुसरा मार्गच उरला नाही, सिद्ध झालेली चूक ते मान्यच करीनात, तर भारत सरकारला युद्ध करावे लागेल. युद्ध कोणालाच नको आहे, पण अन्याय सोसा असा सल्ला मी कोणाला देणार नाही. शिवाय दोन्ही देशांतल्या अल्पसंख्यांकांच्या निष्ठेविषयी काही कठोर विधाने होती.

तुम्हांपैकी बहुतेकांनी या शाळेत सारांशलेखनाचा प्रश्न सोडविला आहे. उताऱ्याचा एकतृतीयांश करा, मूळ आशय सोडू नका. हुशार विद्यार्थी कुठे चुकतो हे शिक्षकाला ठाऊक असते: तो उताऱ्यातले सर्वांत ठळक वाक्य उचलतो आणि ‘परंतु’नंतरचे सोडून देतो. रॉयटरच्या तारेत नेमके हेच झाले. गांधीजींनी लगेच सांगितले की वृत्त खरे आहे, पण अपुरे आहे. त्याच सभेत ते पुढे म्हणाले होते की माझे स्वतःचे मत बदललेले नाही. ज्या नव्या व्यवस्थेला सैन्य, आरमार, विमानदळ आणि असेच सगळे हवे आहे, तिच्यात मला स्थान नाही.

हा उत्तरार्ध पूर्वार्धाला जोडून वाचा. सरकारचा धर्म एक आहे आणि माझा दुसरा, असे तो माणूस सांगतो आहे. तुम्ही राज्य चालविणार असाल तर तुम्हांला कधीतरी युद्ध करावे लागेल हे मला दिसते, आणि म्हणूनच मी तुमच्यात नाही. यात धमकी शोधायची तर पूर्वार्ध पुरतो. अहिंसेवरचा निबंध हवा असेल तर उत्तरार्ध पुरतो. दोन्ही एकत्र ठेवले की एक दुःखी माणूस दिसतो, ज्याच्या हयातीतच त्याचा देश त्याच्या हातून निसटतो आहे.

३० ऑक्टोबरला समिती बसली. मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही आहे, की पहिले वृत्त अपुरे होते हे समितीचे अध्यक्ष गुन्नर यान आणि मजूर पक्षाचे मार्टिन त्रानमेल या दोघांनाही ठाऊक होते. तरीही त्यांची खात्री डळमळली. त्रानमेल आणि माजी परराष्ट्रमंत्री ब्रोडलान यांना भारत-पाकिस्तान झगडा चालू असताना एका बाजूच्या माणसाला पारितोषिक देणे नको होते. यान यांनी रोजनिशीत आपले म्हणणे नोंदविले आहे: सुचविलेल्या सर्वांत गांधी हे सर्वांत मोठे व्यक्तिमत्त्व आहे हे खरे, पण ते केवळ शांततेचे प्रेषित नाहीत, ते सर्वप्रथम देशभक्त आहेत, शिवाय ते भाबडे नाहीत, निष्णात कायदेपंडित आहेत. म्हणजे ते वाक्य गांधीजी सहज बोलून गेले नसावेत, शेजाऱ्याला जरब बसावी म्हणून बोलले असावेत, असा त्यांना संशय होता. पाचांपैकी तिघे विरुद्ध झाल्यावर क्वेकर पंथाच्या इंग्लंड आणि अमेरिकेतील दोन सेवासंस्थांना पारितोषिक एकमताने देण्यात आले. क्वेकरांचे काम मोठे होते. त्यांच्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही.

नॉर्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी तो देश जर्मनीच्या टाचेखालून सुटला होता. हजारो मैलांवर दोन नवजात राष्ट्रे एकमेकांची घरे जाळीत असताना ओस्लोतल्या पाच जणांना सावधपणा शहाणपणाचा वाटला, तर तो गुन्हा नव्हे. पण ‘देशभक्त आहे म्हणून नको’ हा निकष लावायचा तर तो सर्वांना लावला पाहिजे. १९२५ चे पारितोषिक ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना, १९२६ चे ब्रियां आणि श्ट्रेसेमान यांना मिळाले; यांतला कोण देशभक्त नव्हता? आपल्या देशाची बाजू घेणारा युरोपीय मंत्री मुत्सद्दी ठरतो आणि तेच करणारा पंचा नेसलेला म्हातारा संशयास्पद ठरतो, हा भेद माझ्याने गिळवत नाही.

त्यानंतर बासष्ट वर्षांनी याच ओस्लोत काय झाले पाहा. २००९ साली बराक ओबामा यांना पारितोषिक मिळाले, अध्यक्षपदाच्या नवव्या महिन्यात. त्यांच्याही पात्रतेवर पक्षाप्रमाणे दोन तट पडले. १ डिसेंबरला त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठविण्याची घोषणा केली आणि १० डिसेंबरला ओस्लोत पारितोषिक स्वीकारताना भाषण केले. त्यात गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावे आदराने घेऊन ते म्हणाले की राष्ट्राचे रक्षण करण्याची शपथ घेतलेला प्रमुख म्हणून मी केवळ त्यांच्या उदाहरणावर चालू शकत नाही. गांधीजींच्या वाक्याचा हाच पूर्वार्ध होता: राज्यकर्त्याला युद्ध करावे लागेल. उत्तरार्ध ओबामांना म्हणता येण्यासारखाच नव्हता, कारण ते त्या व्यवस्थेच्या शिखरावर बसलेले होते. ज्याने पूर्वार्ध सैन्य पाठवून आचरला त्याला पदक मिळाले. ज्याने पूर्वार्ध नुसता उच्चारला आणि उत्तरार्ध जगून दाखविला त्याचे पदक त्याच पूर्वार्धापायी गेले.

१९४८ मध्ये गांधीजींचे नाव पुन्हा आले. सहा शिफारसपत्रे होती. नावे सुचविण्याची मुदत संपायला दोन दिवस असताना, ३० जानेवारीला, त्यांचा खून झाला. दहा वर्षांपूर्वी निजामाच्या तुरुंगात राहून गेलेल्या त्याच माणसाने तो केला. समितीपुढे नवा पेच उभा राहिला. मरणोत्तर पारितोषिक काही परिस्थितीत देता येत होते. पण द्यायचे कोणाला? या गृहस्थाने मागे संस्था ठेवली नाही, मालमत्ता ठेवली नाही, मृत्युपत्र ठेवले नाही. कायदेशीर सल्ला घेण्यात आला, स्वीडनच्या संस्थांची मते विचारण्यात आली, ती प्रतिकूल आली. यान यांनाही मृत्युपत्राच्या हेतूशी हे विसंगत वाटले. एकट्या ओफ्तेदाल यांचा आग्रह शेवटपर्यंत राहिला. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी समितीने जाहीर केले की योग्य असा हयात उमेदवार नसल्यामुळे या वर्षी पारितोषिक देण्यात येणार नाही. मराठीच्या शिक्षकाने या वाक्यातल्या विशेषणाकडे बोट दाखवायलाच हवे. ‘योग्य उमेदवार नाही’ एवढे म्हणून भागले असते. ‘हयात’ हा शब्द कोणीतरी विचार करून घातला आहे, आणि त्या एका शब्दात जेवढी कबुली आहे तेवढी नंतरच्या भाषणांत नाही. १९८९ मध्ये दलाई लामांना पारितोषिक देताना समितीच्या अध्यक्षांनी ते अंशतः गांधीजींच्या स्मृतीला वाहिलेले आहे असे सांगितले, ही ती उशिराची भरपाई.

त्या नोव्हेंबरच्या अखेरीस इकडे काय चालले होते? सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे पोचला होता. २९ नोव्हेंबरला पंडित सुंदरलाल यांची समिती, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्यासह, संस्थानात हिंडू लागली. पंडित नेहरूंच्या सरकारनेच ती पाठविली होती. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, आणि पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही; २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना मिळू लागला. त्याआधी रझाकारांनी भैरनपल्लीत आणि बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात काय केले हे आपण जाणतो. ते आपल्या घरांत सांगितले गेले. सीमेवरच्या शिबिरांत सत्याग्रही म्हणून घडलेल्या तरुणांनी बंदुका हाती घेतल्या, कारण त्यांच्यापुढे ‘दुसरा मार्गच उरला नाही तर’ ही अवस्था प्रत्यक्ष येऊन ठेपली होती. गांधीजींचे ते वाक्य हैदराबादेत दोन वेळा घडले: एकदा त्याचा पूर्वार्ध, आणि त्यानंतर जे घडले त्यात उत्तरार्ध सांगायला ते नव्हते.

आजही १७ सप्टेंबर आला की या शहरात दोन भाषणे होतात. एकात गोरटा असतो, उस्मानाबाद नसते. दुसऱ्यात उस्मानाबाद असते, गोरटा नसतो. दिवसाचे नाव काय ठेवायचे, मुक्तिदिन की विलीनीकरण की एकात्मता, यावरही पक्षागणिक वाद आहेत. सुंदरलाल अहवालात हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना आश्रय दिल्याच्या नोंदी आहेत. त्या दोन्ही भाषणांत नसतात. आणि ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान, ज्याने हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले आणि ज्याला २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास रात्री घरी जाताना याच शहरात ठार मारण्यात आले, तो कोणत्या भाषणात बसवायचा हे दोन्ही पक्षांना कळत नाही, म्हणून बहुधा तो वगळला जातो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणींचे पुस्तक असेल. नसेल तर घ्यावे. त्याच कपाटात, त्याच फळीवर, सुंदरलाल अहवालाची छापील प्रत ठेवावी. तिसरे, शोएबुल्ला खान यांच्याविषयी जे काही उर्दू-तेलुगूत लिहिले गेले आहे ते मिळवून, इथल्या दहावीच्या मुलांनी शिक्षकांच्या मदतीने त्याचा मराठीत पंधरावीस पानांचा सारांश तयार करावा. माझे उर्दू अजून शाबूत आहे. आठवड्यातून एक दुपार मी त्यासाठी शाळेत येऊन बसायला तयार आहे. जून महिन्यापासून सुरुवात करता येईल. मुख्याध्यापकांनी वार ठरवून मला कळवावे.